फुलाच्या वजनाची कारकीर्द

कोकणात बॅडमिंटनचा पहिला शत्रू म्हणजे वारा. सावर्डे तसे समुद्रापासून बरेच आत, डोंगरांच्या कुशीतले गाव. तरी दुपार कलली की वारा सुटतो. अंगणात दोन बांबू रोवून मध्ये सुंभाची दोरी बांधलेली असते, दोन भावंडे समोरासमोर उभी असतात आणि एकाने मारलेले फूल दुसऱ्याकडे न जाता शेजारच्या कौलांवर जाऊन बसते. त्या दिवसाचा खेळ तिथेच संपतो.

शटलकॉकला आपल्याकडे फूल म्हणतात. हा शब्द ज्याने कोणी पहिल्यांदा वापरला त्याला या खेळाचे मर्म कळलेले असावे. सोळा पिसे, खाली बुचाचे गोल बूड, त्यावर पातळ चामडे, आणि सगळे मिळून वजन पावणेपाच ते साडेपाच ग्रॅम. सोनेतारण कर्जाच्या टेबलावर मी काही वर्षे काढली आहेत, म्हणून त्या हिशोबात सांगतो: अर्ध्या तोळ्याहूनही कमी. एवढ्याशा वस्तूच्या भरवशावर एखाद्याने आपले तारुण्य लावायचे ठरवले तर घरच्यांनी त्याला काय म्हणावे? मराठी घरांतून हा प्रश्न पुन:पुन्हा विचारला गेला आहे, कारण या खेळाचे आणि आपले नाते बरेच जुने आहे.

किती जुने, तर एके काळी या खेळाचे नावच 'पूना' होते. पुण्याच्या लष्करी छावणीतले इंग्रज अधिकारी तो खेळत, आणि १८७३ च्या सुमारास त्याचे नियम प्रथम तिथेच कागदावर उतरले. पुढे इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायरमधल्या एका ड्यूकच्या वाड्याचे नाव त्याला चिकटले आणि पुण्याचे नाव मागे पडले. (वाड्याऐवजी छावणीचे नाव टिकले असते तर आज जगभरची मुले 'पूना' खेळायला निघाली असती!) पुण्याने मात्र हा खेळ सोडला नाही. क्रिकेटमधले प्रा. दि. ब. देवधर सर्वांना ठाऊक आहेत. पण चाळीसच्या दशकात त्यांच्या मुलींनी, सुंदर, तारा आणि सुमन या देवधर भगिनींनी, भारतीय महिला बॅडमिंटन गाजवले होते, हे आज किती घरांत माहीत असेल? त्या काळात मुलींना नऊवारीतून पाचवारीत यायलाही घरात चर्चा करावी लागे. त्या मुली रॅकेट घेऊन गावोगावच्या स्पर्धांना जात होत्या.

पण कारकीर्द म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवावे असा मराठी खेळाडू एकच, नंदू नाटेकर.

नाटेकरांचा जन्म १२ मे १९३३ चा, सांगलीचा. गंमत म्हणजे बॅडमिंटन हे त्यांचे पहिले प्रेम नव्हते. ते टेनिस खेळत, आणि १९५१-५२ च्या ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचले होते. तिथे नेटच्या पलीकडे मद्रासकडचा एक मुलगा उभा होता. त्याचे नाव रामनाथन कृष्णन. नाटेकर हरले. पुढे हाच कृष्णन १९५४ मध्ये विम्बल्डनचा ज्युनियर विजेता झाला, १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे मोठ्यांच्या विम्बल्डनमध्ये उपांत्य फेरीपर्यंत गेला. तेव्हा त्याच्याकडून हरण्यात कसला आला आहे कमीपणा, असे आज आपण सहज म्हणतो. विशीच्या आतल्या त्या सांगलीच्या मुलाला त्या संध्याकाळी हे कोण सांगणार होते? टेनिसची रॅकेट खाली ठेवून तो बॅडमिंटनकडे वळला.

टेनिसवाल्याने बॅडमिंटनला वळणे म्हणजे तबलजीने सतार हातात घेण्यासारखे. टेनिसचा चेंडू टप्पा घेतो. तो एक टप्पा खेळाडूला विचार करायला क्षणभर देतो. फूल टप्पा घेत नाही. ते हवेत असेपर्यंतच काय ते ठरवायचे. टेनिसमध्ये खांदा आणि कंबर बोलते, बॅडमिंटनमध्ये मनगट. नाटेकरांचे मनगट असे होते की माझ्या आधीच्या पिढीतली माणसे त्याबद्दल बोलताना आपले मनगट नकळत फिरवून दाखवत. रॅकेट मागे गेली की समोरच्याला वाटायचे, आता स्मॅश येणार. तो मागे सरकायचा, आणि फूल नेटला घासून अलगद पुढे पडायचे. माझ्या पिढीने हा खेळ पाहिला नाही, नुसता ऐकला.

वयाच्या विसाव्या वर्षी, १९५३ मध्ये, नाटेकर राष्ट्रीय विजेते झाले. ज्युनियर टेनिसमधल्या त्या पराभवाला जेमतेम दीड-दोन वर्षे झाली होती. १९५४ मध्ये पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद, आणि त्याच वर्षी लंडनला ऑल इंग्लंड स्पर्धेत पहिल्याच फेऱ्यात उपांत्यपूर्व फेरी. त्या काळी जागतिक अजिंक्यपद नावाची स्पर्धाच नव्हती. ऑल इंग्लंड जिंकणारा तो जगज्जेता, असा सरळ हिशोब होता. त्या स्पर्धेत शेवटच्या आठांत येणे म्हणजे काय, हे यावरून समजावे.

मात्र नाटेकरांची खरी कमाई दोन वर्षांनंतरची, आणि ती समजून घ्यायची तर त्या वेळच्या मलायाकडे पाहावे लागते. १९५० ते १९५७ या आठही वर्षांत ऑल इंग्लंडचे पुरुष एकेरीचे विजेतेपद मलायाबाहेर गेले नाही. चार वेळा वाँग पेंग सून, चार वेळा एडी चूंग. पुरुषांच्या सांघिक स्पर्धेचा थॉमस कप १९४९ मध्ये प्रथम दिला गेला, तेव्हापासून १९४९, १९५२ आणि १९५५ अशा पहिल्या तिन्ही वेळा तो मलायानेच नेला. म्हणजे त्या दशकात बॅडमिंटनची राजधानी लंडन नव्हती, क्वालालंपूर होती. तिथेच १९५६ मध्ये सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली आणि ती नंदू नाटेकरांनी जिंकली. परदेशात जाऊन आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा हा पहिला भारतीय बॅडमिंटनपटू. आपण पहिलेपणाचे टिळे फार सहज लावतो. हा टिळा मात्र पहिलवानाच्या घरात शिरून, त्याच्याच तालमीत कुस्ती मारून मिळवलेला आहे.

बाकीचा हिशोब लांबलचक आहे. राष्ट्रीय स्पर्धेत एकेरीत सहा वेळा, दुहेरीत सहा वेळा आणि मिश्र दुहेरीत पाच वेळा विजेतेपद, एकूण सतरा. एकेरीतले शेवटचे १९६५ मधले, म्हणजे पहिल्यानंतर बारा वर्षांनी. १९५१ ते १९६३ या काळात थॉमस कपमध्ये सोळा एकेरी सामन्यांपैकी बारा जिंकले, आणि १९५९, १९६१, १९६३ या तिन्ही वेळा संघाचे नेतृत्व केले. बँकॉकच्या किंग्ज कप स्पर्धेत १९६२ मध्ये मीना शहांबरोबर मिश्र दुहेरी आणि १९६३ मध्ये एकेरी. शंभराच्या वर लहानमोठी विजेतेपदे.

१९६१ मध्ये सरकारने अर्जुन पुरस्कार सुरू केला. पहिल्याच यादीत बॅडमिंटनसाठी नाव होते नंदू नाटेकरांचे, आणि टेनिससाठी रामनाथन कृष्णन यांचे. त्या ज्युनियर अंतिम फेरीत नेटच्या दोन बाजूंना उभी असलेली दोन मुले दहा वर्षांनी एकाच यादीत आली. आणि कादंबरीत घातले तर संपादक 'फार जुळवून आणले आहे' म्हणून खोडतील असा पुढचा योग म्हणजे, नाटेकरांचा मुलगा गौरव टेनिसपटू झाला आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत त्याने लिएंडर पेसबरोबर दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. वडिलांनी सोडलेला खेळ मुलाने उचलला.

आता मुद्द्याकडे येतो. या सगळ्या कारकिर्दीत पैसा किती होता?

खेळातून म्हणाल तर जवळजवळ नाही. तो हौशी खेळाडूंचा जमाना होता. 'हौशी' हा शब्द आज आपण थोडा हलका वापरतो, नाटकाच्या बाबतीत तर फारच. तेव्हा तो नियम होता. खेळाचे पैसे घेतले की माणूस व्यावसायिक ठरे आणि मोठ्या स्पर्धांची दारे त्याला बंद होत. विजेत्याला चषक मिळे, त्याचा फोटो वर्तमानपत्रात येई, आणि सोमवारी तो कचेरीत हजर होई. व्यायाम, प्रवास, आजारपण, दुखावलेला गुडघा, हे सगळे पोटापाण्याच्या उद्योगातून वेळ काढून. रॅकेट लाकडाची असे आणि तिला चार कोपऱ्यांना स्क्रू असलेल्या लाकडी चौकटीत आवळून ठेवावे लागे. नाही तर पावसाळ्यात ती वाकायची. कोकणात तर ही चौकट देवाऱ्यासारखी सांभाळत. आमच्याकडच्या दमट हवेत जून ते सप्टेंबर रॅकेट सरळ राहिली हाच मोठा पराक्रम. आतड्याच्या तारा ओल धरून सैल पडायच्या. आणि पिसांचे फूल, ते तर एका जोरदार खेळात दोन-चार खलास. ज्याच्या घरी फुलांचा खर्च परवडतो त्यानेच हा खेळ खेळावा, असा एक अलिखित नियम होता. म्हणूनच तो बराच काळ जिमखान्यांत, ऑफिसर्स क्लबांत अडकून पडला. कबड्डीला लागते ती जमीन आणि श्वास, आणि दोन्ही कोकणात भरपूर.

गुणांची पद्धतही निराळी होती. आज २१ गुणांचा गेम असतो आणि प्रत्येक रॅलीला कोणाला तरी गुण मिळतो. ही पद्धत २००६ पासूनची. नाटेकरांच्या काळात गेम पंधराचा असे आणि ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण. समोरच्याच्या सर्व्हिसवर रॅली जिंकलीत तर तुम्हाला मिळे ती फक्त सर्व्हिस, गुण शून्य. दहा-दहा मिनिटे घाम गाळूनही फळ्यावरचा आकडा हलत नसे. मला ही पद्धत बँकेच्या नोकरीसारखी वाटते. आधी काम करण्याचा हक्क मिळवायचा, मग काम करायचे, आणि मग कधी तरी गोपनीय अहवालात त्याची नोंद व्हायची.

बँकेचा विषय निघालाच आहे तर एका सहकाऱ्याविषयी सांगतो. नाव सांगत नाही, बँकेचेही नाही. ऐंशीच्या दशकात मुंबईतल्या एका शाखेत तो आमच्याबरोबर कारकून होता. खेळाडूंच्या कोट्यातून लागलेला. बॅडमिंटनमध्ये त्याचे नाव राज्याच्या यादीत असे, देशाच्या यादीत कधी आले नाही. आंतरबँक स्पर्धांत मात्र तो आमचा हुकमी एक्का. दोन वाजता काउंटर बंद झाला की तो सरावाला जायचा. उरलेली व्हाउचर, लेजरचे पोस्टिंग, दिवसअखेरची बेरीज बाकीच्यांनी करायची. कुरकुर व्हायची. सहामाही क्लोजिंगच्या रात्री आम्ही आकडे जुळवत बसलेलो असताना तो नागपूर नाही तर जबलपूरला स्पर्धेत असायचा, आणि तिथून चषक घेऊन आला की साहेब त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घ्यायचे. तेव्हा मात्र त्याने आमच्यातल्या कोणाला पेढा द्यायचा चुकवला नाही.

तिशी ओलांडल्यावर गुडघा गेला. सराव थांबला, विशेष रजा थांबली, फोटो थांबले. तोवर आमच्यातले बरेच जण परीक्षा देऊन अधिकारी झालेले, आणि हा अजून कारकून; त्याने दहा-बारा वर्षांत लेजर नीट हाताळलेच नव्हते. मला आठवते, तो संध्याकाळी थांबून, वयाने लहान असलेल्या मुलीकडून, रकाने कसे भरायचे ते वहीत लिहून घेत असे. अक्षर सुरेख होते. त्याने परीक्षेचा अर्ज कधी भरलाच नाही. बढती म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे कोर्ट नसलेले गाव, असे तो म्हणे. गुडघा गेल्यावरही म्हणे. मग नव्वदच्या दशकात शाखेत कॉम्प्युटर आले आणि आम्ही सगळेच अडाणी ठरलो. त्या वर्षी तो पहिल्यांदा मोकळेपणाने हसला. "आता लव्ह-ऑल," म्हणाला. आणि खरेच, की-बोर्डवर त्याची बोटे आमच्याहून कितीतरी चपळ चालत.

मला स्वतःला तो कोटा कधी अन्यायाचा वाटला नाही. नाटेकरांनंतरच्या तीन-चार दशकांत भारतीय खेळ जगवला तो रेल्वे, बँका, पेट्रोलियम कंपन्या आणि पोलीस दलांच्या हजेरीपत्रकांनी. खटकत होते ते एवढेच, की खेळाडूच्या पस्तिशीनंतर काय करायचे याचा विचार कोणत्याच परिपत्रकात नसे.

दरम्यान जगात खेळ बदलत होता. १९८० मध्ये प्रकाश पडुकोण यांनी लिएम स्वी किंगला हरवून ऑल इंग्लंड जिंकली. त्याच सुमारास बॅडमिंटनमध्ये उघडपणे बक्षिसाची रक्कम येऊ लागली होती. पडुकोण कोपनहेगनला जाऊन राहिले आणि तिथल्या क्लबकडून खेळले. भारतीय बॅडमिंटनपटू खेळाच्या जिवावर परदेशात संसार करू शकतो हे त्या वेळी नवलच होते. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत प्रदीप गंधे यांनी लेरॉय डिसांबरोबर दुहेरीत ब्राँझ मिळवले. १९९२ मध्ये बार्सिलोनात बॅडमिंटन ऑलिंपिकमध्ये अधिकृतपणे आले. पुण्याचा निखिल कानेटकर २००४ मध्ये अथेन्सला खेळला. मग सायना, सिंधू, श्रीकांत, आणि अकादम्यांचे युग.

नंदू नाटेकर २८ जुलै २०२१ रोजी पुण्यात गेले. वय अठ्ठ्याऐंशी. टोकियोत तेव्हा ऑलिंपिक चालू होते. चारच दिवसांनी सिंधूने तिथे ब्राँझ जिंकले. आणि दहा महिन्यांनी, १५ मे २०२२ ला, बँकॉकमध्ये भारताने इंडोनेशियाला ३-० असे हरवून थॉमस कप पहिल्यांदा जिंकला. हाच तो कप, ज्यासाठी नाटेकर दशकभर खेळले. त्या दिवशी दुहेरीत सात्विकबरोबर होता मुंबईत वाढलेला चिराग शेट्टी. सात्विकच्या स्मॅशचा वेग २०२३ मध्ये जपानमध्ये मोजला तेव्हा तो ताशी ५६५ किलोमीटर भरला. फूल तेच, अर्ध्या तोळ्याच्या आतले.

हे सगळे मी सावर्ड्यात एका गृहस्थांना सांगत होतो. काथाच्या कारखान्यात हिशोब लिहिणारे, चाळिशीचे. जवळच डेरवणला क्रीडा संकुल झाले आहे. दरवर्षी डेरवण यूथ गेम्स भरतात तेव्हा बाहेरगावच्या मुलांनी तो परिसर फुलून जातो. एके काळी डेरवणला मुले शिवसृष्टीच्या सहलीला जात, आता बूट आणि किट घेऊन जातात. छपराखालच्या कोर्टावर वारा नाही, कौले नाहीत. यांची मुलगी बारा वर्षांची, तिथे खेळते. हात चांगला आहे, असे शिकवणाऱ्यांनी सांगितले, तेव्हापासून यांची झोप उडालेली.

"काका, तुम्ही बँकेत होतात," ते म्हणाले. "नाटेकर वगैरे ठीक आहे. मला जमाखर्च सांगा."

मग मी कागद घेतला. खर्चाची बाजू भराभर भरली. पिसांची फुले, आणि ती रोज लागणार. बूट, कारण कोर्टावर घसरणे म्हणजे घोटा जाणे. तारा पुन्हा पुन्हा विणून घेणे. आज ना उद्या पुणे, ठाणे किंवा हैदराबाद, म्हणजे राहणे-जेवण, शिवाय सोबत आईने जायचे की एकटीला ठेवायचे हा खर्चात न मांडता येणारा खर्च. मग जिल्हा, राज्य, अखिल भारतीय मानांकन स्पर्धा, प्रत्येक वेळी गाडीभाडे दोघांचे. त्याच्याही पुढे गेली तर परदेश. तिथे जागतिक क्रमवारीचे गणित असे, की बावन्न आठवड्यांतल्या उत्तम दहा स्पर्धांचे गुण धरतात. गुण हवेत तर स्पर्धा हव्यात, स्पर्धा हव्यात तर विमानाची तिकिटे हवीत. खालच्या पायरीवरच्या स्पर्धांत पहिल्या फेरीत हरणाऱ्याला मिळते ती परतीच्या प्रवासाची घाई. प्रायोजक येतो, पण तो क्रमवारी पाहून येतो.

जमेच्या बाजूला मी नोकरी लिहिली, खेळाडूंसाठी ठेवलेल्या सरकारी जागा, शिष्यवृत्त्या, आणि फार वर गेली तर बक्षिसे. रकमेच्या रकान्यात काहीच लिहिता आले नाही. सहकाऱ्याची गोष्टही सांगितली, गुडघ्यासकट. शिक्षण अजिबात सोडू देऊ नका म्हटले; यावर मी ठाम आहे, कितीही मोठ्या प्रशिक्षकाने उलट सांगितले तरी.

ते कागद बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हापूसच्या कलमासारखंच की. पाच-सहा वर्षं नुसतं पाणी घालायचं, मोहोर आला तरी तुडतुड्याने खाल्ला तर गेला."

"तसंच."

"पण कलमांवर बँक कर्ज देते, काका. शिकायला देते, म्हशीला देते. हिला देईल?"

सदतीस वर्षे मी कर्जाचे अर्ज वाचले. उद्दिष्टाच्या रकान्यात विहीर, रिक्षा, होडी, पिठाची गिरणी, मुलीचे लग्न, सगळे पाहिले. मी त्यांना खरे तेच सांगितले, की वैयक्तिक कर्ज मिळेल, व्याज जास्त पडेल, आणि हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होईल.

त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. साडेसहाला तिचा सराव सुटायचा होता. पाऊस भरून आला होता, म्हणून ते स्कूटर काढून लगबगीने डेरवणच्या रस्त्याला लागले.